रामल्लातला नाच आणि एक सुटलेला हात

कुंपणावरची चिमणी

नमस्कार मंडळी,

लिहीन लिहीन म्हणता वर्षं गेली. मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी पॅलेस्टिनी दबकेचा (हात धरून रांगेत करायचा लोकनाच) व्हिडिओ टाकला आणि खाली लगेच प्रतिसाद आला, "एवढं सगळं चालू असताना यांना नाचायचं सुचतं कसं?" मी उत्तर टंकायला घेतलं, ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं जॉर्डनमध्ये, अम्मानला होतो. खालच्या मजल्यावर एक पॅलेस्टिनी बाई राहायच्या, मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. त्यांचे आईवडील १९४८ साली लिद्दहून (आताचं इस्रायलमधलं लोद) निघालेले, खाला जन्मल्या अम्मानमध्येच. करोनाच्या आधीच्या एका एप्रिलमध्ये त्यांच्या भाचीनं फोनवर पोस्टर दाखवलं: रामल्ला समकालीन नृत्य महोत्सव. रामल्ला म्हणजे इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेतलं पॅलेस्टिनी शहर. नाचाशी माझा संबंध गणपतीच्या मिरवणुकीपुरता. पण खाला म्हणाल्या, "तुझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, तू जाऊ शकतेस. मी नाही. जा आणि येऊन मला सांग." असं कोणी म्हटल्यावर घरी बसणार कसं?

अम्मान ते रामल्ला सरळ रेषेत जेमतेम सत्तर किलोमीटर. पुण्याहून लोणावळ्याला जावं तसं. मी सकाळी सहाला घर सोडलं आणि पोचले दुपारी चारला. मधे जॉर्डन नदीवर पूल लागतो. जॉर्डनी त्याला किंग हुसेन पूल म्हणतात, इस्रायली अ‍ॅलनबी आणि पॅलेस्टिनी करामा. तीन नावांचा पूल म्हटल्यावर मला वाटलं खाली काय नदी असेल! आमच्या गावचा ओढा पावसाळ्यात त्याहून रुंद असतो. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे, बॅग एकीकडे, मी दुसरीकडे. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, कशाला जातेयस? नाच बघायला म्हटलं तर तिला ते खोटंच वाटलं. दीड तास बाकड्यावर बसवलं. शेवटी पासपोर्टवर शिक्का न मारता एक वेगळी चिठ्ठी हातात दिली.

पुढे जेरिको, समुद्रसपाटीच्या खाली. तिथून 'सर्वीस'. सर्वीस म्हणजे आपलं वडाप, माणसं भरली की सुटतं. जेरिकोतून चढत चढत रामल्लाला पोचेपर्यंत हजारेक मीटरची चढण होते, कानात दडे बसतात. शेजारच्या बाईनं न विचारता च्युइंगम दिलं.

महोत्सव भरवते ती संस्था 'सरियत रामल्ला'. ही मूळची १९२७ सालची बालवीर पथकाची संस्था. आवारात बास्केटबॉलचं मैदान, पोरं चेंडू आपटतायत आणि त्याच आवारात नाचाची कार्यशाळा. २००६ पासून त्यांनी हा महोत्सव सुरू केला. दुसरा इंतिफादा (इस्रायलविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव) नुकता विझलेला, २००२ मधल्या संचारबंद्या लोकांच्या अंगात अजून मुरलेल्या, आणि यांनी काय केलं, तर समकालीन नृत्य! ज्याला आपल्याकडेही लोक "हे नक्की काय करतायत?" म्हणतात ते.

सकाळच्या कार्यशाळेत मला ओढलंच त्यांनी. आधी दबकेची मूळ पावलं: डावा पाय उजव्याच्या पुढून, उजवा बाजूला, डावा परत पुढून, उजवा बाजूला, डाव्याची हवेत लाथ आणि डावा जमिनीवर धप्प. सहा पावलं. दोन्हीकडचे हात घट्ट धरलेले. माझ्या उजवीकडे सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, हिपहॉप करणारा. डावीकडे बँकेत काम करणारी बाई, जेवणाच्या सुट्टीत आलेली. मी चुकले की दोघंही हात सोडायचे नाहीत, नुसते खेचत पुढे न्यायचे. रांग थांबतच नाही हो. चुकलात तरी रांगेतच चुकायचं.

संध्याकाळी रामल्ला कल्चरल पॅलेसमध्ये प्रयोग. टेकडीवरची ही इमारत जपानच्या मदतीनं बांधलेली, २००४ मध्ये सुरू झाली. साडेसातशेच्या आसपास खुर्च्या. बाजूलाच पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश यांची समाधी आहे, २००८ साली त्यांना तिथे पुरलं. प्रयोगात दोनच नर्तक, एक मुलगा आणि एक मुलगी. निम्म्या वेळेपर्यंत हात धरून दबकेचीच पावलं, पण इतकी सावकाश की ओळखू येऊ नयेत. मग एका क्षणी मुलाचा हात सुटला. मुलगी एक हात हवेत तसाच ठेवून पावलं टाकत राहिली, म्हणजे शेजारी माणूस आहे असं धरूनच. तो लांब जाऊन उभा. बस्स, एवढंच. किती वेळ ते चाललं सांगता येत नाही.

माझ्या बाजूला एक आजोबा होते, सूट घातलेले, काठी मांडीवर आडवी. ते मोठ्यानं काहीतरी बोलले. पुढच्या रांगेतले लोक वळले. त्यांची नात ओशाळून माझ्याकडे बघत इंग्रजीत म्हणाली, "आजोबा विचारतायत, त्यानं तिचा हात का सोडला."

तोच प्रश्न घेऊन मी परत आले. तुम्हाला काय वाटतं?


ओलं खोबरं

सुंदर लिहिलंयस चिमणे. च्युइंगमवाली बाई फार आवडली. एक बाळबोध प्रश्न: खालांना का जाता येत नाही? जॉर्डनचा पासपोर्ट असेल ना त्यांच्याकडे?


कुंपणावरची चिमणी

@ओलं खोबरं, आहे ना, जॉर्डनचाच आहे. पण त्यांनाही इस्रायलची परवानगी लागते. एकदा अर्ज केला होता, नाकारला, कारण सांगितलं नाही. परत केला नाही. "मला माझ्याच घरी जायला कोणाला तरी विचारायचं, आणि तो नाही म्हणणार. हे दोनदा ऐकायचं वय नाही माझं," असं म्हणाल्या होत्या. मृत समुद्राकडे फिरायला गेलो की पलीकडचे दिवे दाखवायच्या मला.


चौकस काका

लेख चांगला आहे. पण मूळ प्रश्नाला बगल दिलीत. पोटापाण्याचे वांधे असलेल्या ठिकाणी समकालीन नृत्याचा महोत्सव ही चैन नाही काय? आणि याला पैसे कोण देतं? उत्तर मला माहीत आहे, तुमच्याकडून ऐकायचं आहे.


तिसरी घंटा

काका, मी देतो उत्तर. मी प्रकाशयोजनेतला माणूस, एका युरोपियन कंपनीबरोबर फिरताना बैरूत, अम्मान, रामल्ला असा दौरा केलेला आहे.

पैसे बऱ्याच अंशी युरोपातून येतात: दूतावास, सांस्कृतिक केंद्रं, युरोपीय संघ. त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि तिथले कलाकार स्वतःच त्यावर सगळ्यात जास्त कुरकुरतात. देणाऱ्याला नाचात इस्रायलनं बांधलेली भिंत हवी असते, चेकपॉइंट हवा असतो. 'आशा' आणि 'प्रतिकार' हे शब्द अर्जात टाकले की पैसे लवकर सुटतात. एका रामल्लावाल्या नर्तकानं मला सांगितलेलं अजून आठवतं. त्याला एक तुकडा बसवायचा होता, फक्त आळसावर. दुपारी झोपून उठल्यावर अंग कसं जड असतं, त्याच्यावर. कोणी पैसे देईना. म्हणाला, "आम्हाला कंटाळा येण्याचा अधिकारसुद्धा नाही."

२०१९ च्या शेवटी युरोपीय संघानं अनुदानाच्या करारात दहशतवादविषयक एक नवीन कलम घातलं, त्यावरून तिथल्या संस्थांमध्ये मोठं रण माजलं. काहींनी पैसे नाकारले. म्हणजे 'फुकटचे पैसे आणि वर नाच' इतकं सोपं ते नाही.

दौऱ्याचंही सांगतो. २००७ च्या सुमारास बैरूतची 'मकामात', रामल्लाची 'सरियत', अम्मानचं हया केंद्र आणि दमास्कसची 'तन्वीन' या नृत्य-संस्थांनी मिळून 'मसाहात' नावाचं जाळं उभं केलं. मसाहात म्हणजे मोकळ्या जागा. कल्पना अशी, की परदेशी कंपनी एकदा बोलवायची आणि चारही शहरांत फिरवायची, विमानाचा खर्च वाटून घ्यायचा. हिशेब साधा, आपल्याकडे नाटकाचे दौरे लावतात तसाच. पण बैरूत-रामल्ला अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, पुणे-सोलापूरपेक्षा कमी, आणि बैरूतचा नर्तक रामल्लाला येऊ शकत नाही! आम्ही बेल्जियन, फ्रेंच, एक मी मराठी, सगळे जातोय, आणि ज्यांनी जाळं विणलं ते एकमेकांकडे जाऊ शकत नाहीत. २०११ नंतर सीरियातल्या युद्धामुळे दमास्कसही गळालं.

अवांतर: पुलावर आमचे रंगीत जिलेटिनचे कागद एकेक करून उजेडात धरून बघितले. निळा कागद तपासणाऱ्या पोराला आवडला, डोळ्यांसमोर धरून त्यानं सगळीकडे बघितलं. मग ओशाळून परत दिला.


ठेका चुकला

मी तबला वाजवते, म्हणून माझं लक्ष फक्त त्या सहा पावलांवर आहे. चिमणे, गाणं चार मात्रांचं असतं ना? दलऊना वगैरे?


कुंपणावरची चिमणी

हो हो, 'अला दलऊना'च लावलं होतं! चारच असाव्यात. मला फक्त एवढं कळलं की पाय आणि ढोलकं एकत्र येत नव्हते, आणि मला वाटलं मीच चुकतेय.


ठेका चुकला

नाही गं, तू बरोबर होतीस. सहाची पावलं चाराच्या ठेक्यावर टाकली की दोन फेऱ्यांत तालाची तीन आवर्तनं होतात, बाराव्यानंतर परत पहिल्यावर. आता गंमत बघ. तुझं 'धप्प' सहाव्या पावलावर आहे. म्हणजे ते पहिल्या वेळी पडतं दुसऱ्या आवर्तनाच्या दुसऱ्या मात्रेवर, पुढच्या वेळी तिसऱ्या आवर्तनाच्या चौथ्या मात्रेवर. दुसरी, चौथी, दुसरी, चौथी. सगळ्यात जोराचा आघात समेवर कधी पडतच नाही! मी काल रात्री हॉलमध्ये करून बघितलं, खालचे वर आले.

आपल्याला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, म्हणजे घरी परतणं. इथे पाय सतत समेच्या अलीकडे-पलीकडे आपटतायत. यावरून काही मोठं बोलायचा मोह होतोय, तो आवरते.


सहाआसनी

वाचनखूण साठवली. पण काही गोष्टी राहून जातायत. दर वेळी अडवणारा इस्रायलच असतो असं नाही. २००५ साली वेस्ट बँकेतल्याच कल्किल्या गावात हमासच्या ताब्यातल्या नगरपालिकेनं पॅलेस्टाइन आंतरराष्ट्रीय महोत्सवाचा तिथला कार्यक्रम होऊ दिला नव्हता, कारण काय तर बायका-पुरुष एकत्र. तेव्हा तिथल्याच लेखक-कलाकारांनी आरडाओरडा केला होता. हेही लिहायला हवं.


तिसरी घंटा

+१. लिहायलाच हवं. आणि त्यात भर अशी, की या दोन कात्र्यांमधे तिथला नाच आयुष्यभर आहे. रामल्लाला लागून असलेल्या अल-बिरेची 'अल-फुनून' ही मंडळी १९७९ पासून दबके करतायत. पहिल्या इंतिफादात त्यांच्या नर्तकांना अटका झाल्या, आणि दुसरीकडून "मुली स्टेजवर कशाला" हे होतंच. त्यांच्यातही वाद आहेत. जुने म्हणतात दबके जसा आहे तसा ठेवा, तो आपला कागद आहे, सातबारा आहे. नवे म्हणतात, सातबारा कपाटात ठेवा, अंगावर घालून फिरू नका.


सोलापुरी

दबकेचा उगम वाचताना मी उडालोच. म्हणे मातीचं छप्पर घट्ट करायला शेजारीपाजारी हात धरून वर चढायचे आणि ताल धरून तुडवायचे. अहो, आमचं बार्शीकडचं माळवद! उन्हाळ्याच्या शेवटी पांढरी माती आणून पसरायची, पाणी मारायचं, मग धुम्मसानं चोपायची. पोरांना मुद्दाम वर सोडायचे, नाचा म्हणायचे, तेवढीच माती बसते. माझी आजी खालून ओरडायची, "एका जागी नका नाचू रं, खड्डा पडंल!" नाच कसला, शिक्षाच होती ती. पण अंगात बसलाय अजून.

छपरावरून उगम झाला हे इतिहास म्हणून कितपत टिकेल कोण जाणे, पण ज्यानं माळवद तुडवलंय त्याला ते खोटं वाटणार नाही.


ओलं खोबरं

"एका जागी नका नाचू" 😄 नृत्यदिग्दर्शनाचा पहिला धडा.


चौकस काका

माळवद ठीक. पण दबके काही फक्त पॅलेस्टिनींचा नाही. लेबनॉन, सीरिया, जॉर्डन सगळीकडे आहे. आणि इस्रायली लोकनृत्यातही 'देब्का' आहेच. मग मालकी कोणाची?


कुंपणावरची चिमणी

काका, सगळीकडे आहे हे खरं आणि त्यावर कोणाचं भांडण नाही. अम्मानच्या लग्नांत मी पोटभर नाचलेय. देब्काची गोष्ट वेगळी. १९४४ मध्ये दालिया नावाच्या किबुत्झवर (सामूहिक शेतवस्ती) इस्रायलपूर्व ज्यू वस्तीचा पहिला मोठा लोकनृत्य मेळावा झाला. नव्या देशाला नवीन लोकनृत्य हवं होतं, तेव्हा येमेनी, पूर्व युरोपीय आणि शेजारच्या अरब गावांतली पावलं घेऊन नाच बसवले गेले. पावलं उचलली याचं कोणाला फार वाईट वाटत नाही हो, पावलं उचलली जातातच. ज्यांच्याकडून घेतली त्यातली बरीच गावं पुढे चार वर्षांत, १९४८ च्या युद्धात, रिकामी झाली, हे खुपतं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये, गाझात युद्ध पेटलेलं असताना, युनेस्कोनं दबके पॅलेस्टाइनच्या नावानं अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. खालांनी मला मध्यरात्री फोन केला होता. आधी हसल्या, मग म्हणाल्या, "यादीत घेतला. कोणत्या महिन्यात घेतला बघ."


गुप्तहेर कावळा

छान. म्हणजे ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला विसरायचा आणि नाचाची कौतुकं ऐकायची. तिथे मेलेल्यांचाही नाचच चालू होता. [संपादित]


संपादक मंडळ

वरील प्रतिसादातला वैयक्तिक शेरा काढला आहे. धागा नृत्याबद्दल आहे. राजकारणाचे धागे वेगळे आहेत, तिथे जागा भरपूर आहे.


कुंपणावरची चिमणी

मंडळ, आभार. पण कावळ्याला उत्तर देते, कारण मुद्दा (शेरा सोडून) खोटा नाही. त्या दिवशी नोव्हा महोत्सवात नाचायला आलेली पोरं मारली गेली, हे मी विसरत नाही आणि कोणी विसरावं असं म्हणतही नाही. तसंच गाझातलं सईद अल-मिशाल सांस्कृतिक केंद्र ९ ऑगस्ट २०१८ ला इस्रायली बॉम्बहल्ल्यात जमीनदोस्त झालं, तिथे दबकेच्या तालमी व्हायच्या, हेही विसरत नाही. इस्रायली सैन्यानं म्हटलं की हमास ती इमारत वापरत होती. तालमीला येणाऱ्या पोरांनी दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यासमोर नाचगाणं केलं. गाझातल्याच नुसेरातच्या निर्वासित छावणीत 'कॅम्प्स ब्रेकर्स' म्हणून ब्रेकडान्स शिकवणारी पोरं आहेत, २००४ पासून. या पोरांना रामल्लाच्या महोत्सवाला यायला गाझाबाहेर पडायची परवानगी लागायची, आणि ती अर्थातच सहजी मिळत नसे. माझ्या कार्यशाळेत गाझाचं एकही माणूस नव्हतं. रांगेत एक जागा कायमची मोकळी. ऑक्टोबर २०२३ नंतरचं तर काय लिहू.


गुप्तहेर कावळा

ठीक. शेरा नको होता. वाचतोय.


नऊवारी इन न्यूजर्सी

धागा एका बैठकीत वाचला. मी समकालीन नृत्य शिकते (चाळिशीत, गुडघ्यांची माफी मागून). फरह सालेह या नृत्यदिग्दर्शिकेचं काम कोणी बघितलंय का? पहिल्या इंतिफादात सैन्यानं शाळा-कॉलेजं बंद केली. रामल्लाजवळचं बिरझैत विद्यापीठ तर १९८८ च्या जानेवारीपासून १९९२ च्या एप्रिलपर्यंत, ५१ महिने बंद होतं. मग लोक घरांत, चर्चमधे, गॅरेजांत चोरून वर्ग भरवायचे. शिकवणं बेकायदेशीर! तिनं २०१६ मध्ये यावर एक व्हिडिओ-नृत्याचा तुकडा केला. त्या काळच्या विद्यार्थ्यांच्या हालचालींवर. नुसत्या हालचाली. वही पोटाशी लपवणं, दार ऐकणं.

मला हे फार जवळचं वाटलं, कारण माझी आई आणीबाणीत कॉलेजात होती आणि अजूनही काही बोलताना आधी खिडकी लावते. अंगात राहतं ते.


चौकस काका

आणीबाणीची तुलना ओढूनताणून आहे. पण खिडकीचं पटलं. माझा भाऊ लावायचा खिडकी.


तिसरी घंटा

काका विरघळले, नोंद घ्यावी.

एक राहिलं. २०१३ मध्ये ब्रसेल्सच्या केव्हीएस थिएटरनं 'ले बाले से द ला बे' ही नृत्य कंपनी आणि रामल्लाचं कत्तान फाउंडेशन यांच्याबरोबर 'बदके' नावाचा प्रयोग केला. दबकेची अक्षरं उलटसुलट. दबकेवाले, हिपहॉपवाले, सर्कसवाले, सगळी पॅलेस्टिनी पोरं एका स्टेजवर. तासभर थांबतच नाहीत, बघणाऱ्यालाच धाप लागते. त्यात हात धरणं-सोडणं एवढ्यांदा होतं की चिमणीताईंचे आजोबा तिथे असते तर घसा बसला असता. माझं मत विचाराल तर समकालीन नाचानं तिथे एकच गोष्ट केली: रांगेतल्या माणसाला एकट्याला उभं केलं. दबकेत तू एकटा नसतोसच. एकटं उभं राहून अंग हलवायचं म्हणजे 'आम्ही' न म्हणता 'मी' म्हणायचं. तिथे हे फार महाग आहे. म्हणून आजोबांना राग आला.


ठेका चुकला

मला उलट वाटतं. मुलीनं हात हवेत ठेवला ना? म्हणजे जागा धरून ठेवली. मला तर तो हात खालांचाच वाटला. सहा पावलं चालूच, शेजारी कोणी नाही, आणि तरी हात वर.


सोलापुरी

मला वाटलं तो चेकपॉइंटवर अडकला. तिला सोडलं, त्याला नाही. साधं.


नऊवारी इन न्यूजर्सी

आणि मला वाटलं ब्रेकअप. 🙈 कोणी मारू नका. त्यांचेही होत असतील की.


सहाआसनी

नऊवारी, मारत नाही. उलट वरच्या आळसवाल्या नर्तकानं तुम्हाला मिठी मारली असती.


ओलं खोबरं

चिमणे, आता सांग ना. आजोबांना उत्तर मिळालं का? तू मुद्दाम दाबून ठेवलंयस.


कुंपणावरची चिमणी

ठेवलं होतं थोडं. :)

प्रयोगानंतर बाहेर व्हरांड्यात मरमिय्या घातलेला चहा होता (तो तिथला सेजचा पाला, कडवट, मला आवडतो). आजोबा काठी टेकत थेट त्या नर्तकापाशी. पोरगं टॉवेलनं मान पुसत होतं. आजोबांनी विचारलं. तो हसायला लागला, मग ती मुलगीही. नातीनं मला सांगितलं ते असं:

तालमीत तळव्यांना घाम यायचा. एकदा खरंच हात निसटला. मुलगी पुढे निघून गेली होती, तिला थांबता येईना, सहा पावलं पुरी करायचीच असतात. तो उभाच राहिला, कुठे घुसायचं कळेना. बसवणारा लांबून ओरडला, "हालू नकोस! तसाच!" आणि ते राहिलं.

आजोबांनी ऐकून घेतलं. मग काठी नातीकडे दिली, त्या पोराचा उजवा हात घेतला आणि बोटं बोटांत घालायला लावली, तळवा तळव्यावर नाही. असं धरायचं, घाम आला तरी निसटत नाही, असं काहीतरी सांगत होते. पोरगं "हो, सीदी, हो, सीदी" करत होतं. सीदी म्हणजे आजोबा. दोन-तीनदा करून दाखवायला लावलं. मग माझाही हात घेतला. खरंच निसटत नाही.

अम्मानला परत आल्यावर खालांना सगळं सांगितलं. पूल, चढ, च्युइंगम. हाताशी आल्यावर त्यांनी माझा हात घेतला आणि बोटं बरोब्बर तशीच घातली. मी न सांगता.


तिसरी घंटा

म्हणजे माझा 'आम्ही आणि मी' घामात गेला.


ठेका चुकला

माझाही हवेतला हात. पण मी सोडत नाहीये.


चौकस काका

व्हिडिओ आहे का?


कुंपणावरची चिमणी

नाही काका. फोन पर्समध्ये होता आणि दोन्ही हात अडकलेले.